आवाज बदललाय, दिवाळीला गावी जायचंय. आई-आण्णांना कसं सांगू?

औशाकडचा:
वय २६. गाव औसा तालुक्यात, नोकरी वाळूजला एमआयडीसीत. कागदावर मुलगी, पण मी मुलगा आहे हे सातवीपासून कळतंय मला. गावात समजावणं अवघड आहे. ट्रान्सजेंडर म्हणलं की लोकांना रेल्वेत टाळ्या वाजवणारे नाहीतर आराध्यांच्या मेळ्यात साडी नेसून नाचणारेच आठवतात. पोरगी म्हणून वाढवलेलं लेकरू गडी असू शकतं, हे तिथं कुणी ऐकलेलंच नाही.

जूनपासून डॉक्टरांच्या देखरेखीखाली टेस्टोस्टेरॉन घेतोय. आवाज फुटायला लागलाय. घरी सांगितलं, घसा बसलाय. तर आईने गावातल्या एका पोराजवळ ज्येष्ठमध अन् खडीसाखर पाठवली, वर्तमानपत्राची पुडी, वर पांढरा दोरा गुंडाळलेला. ती पुडी मी अजून सोडलेली नाही.

आणि फोनवरचं बोलणं. आई विचारती, "जेवलीस का?" 'जेवले' म्हणवत नाही, 'जेवलो' म्हणायची हिंमत नाही. मग 'जेवण झालं'. 'ड्युटी संपली'. 'बसमध्ये जागा मिळाली'. चार वर्षं एकेक वाक्य असं वळवून बोलतोय. मराठीत 'मी' म्हणलं की पुढचं क्रियापद लगेच उघडं पाडतं.

सोयाबीन निघालं की दिवाळीत रेणापूरकडचं स्थळ बघायला येणार आहे. आण्णांना बीपी आहे. कुणी घरी सांगितलंय का? कसं सांगितलं?

गोदाकाठ:
दादा, मी नांदेडची, ट्रान्स बाई. सणात सांगू नको. मी २०१९ ला महालक्ष्म्यांच्या जेवणादिवशी सांगून बसले. घर पाहुण्यांनी भरलेलं, आईला रडायलासुद्धा कोपरा नव्हता. ती पाट्यावर पुरण वाटत राहिली, वाटून झालेलं परत वाटत राहिली. बापू रानात गेले ते रात्री आलेच नाहीत.

नंतर मला एका डॉक्टरकडे नेलं. 'बरं करतो' म्हणाला. आठ महिने गोळ्या, दिवसभर झोप. तुझ्याबाबतीत कुणी असं काही काढलं तर ठाम राहा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच हे मानसिक आजारांच्या यादीतून काढलंय, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असल्या उपचारांना डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलंय.

बापूंना मी सुप्रीम कोर्टाचा १५ एप्रिल २०१४ चा निकाल कितीदा समजावला, आपली ओळख आपण ठरवायची असं कोर्टानेच म्हणलंय म्हणून. काही उपयोग नाही. २०२२ ला जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं ट्रान्सजेंडर ओळखपत्र आलं तेव्हा मात्र चष्मा लावून दोनदा वाचलं. "कलेक्टरनं सही केलीय की," म्हणाले अन् सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवून दिलं.

जायच्या आधी दहावीची सनद, आधार, पासबुक सगळं खोलीवर आणून ठेव. घरचे वाईट नसतात, पण घाबरलेला माणूस दाराला कडी लावतो.

शेतकरीपुत्र:
लग्न करून टाक, एक लेकरू झालं की डोक्यातलं सगळं जाईल.

परभणीची आई:
शेतकरीपुत्र, त्यात समोरच्या घरच्या पोराचंही वाटोळं होतं. असा सल्ला देऊ नका.

लेकरा, माझाही मुलगा तुझ्यासारखाच. त्याने दोन पानी चिठ्ठी लिहून पोळ्यांच्या डब्यात ठेवली होती. मी चार महिने त्याच्याशी धड बोलले नाही. राग नव्हता रे. भावकी काय म्हणेल, धाकटीची सोयरीक मोडेल का, म्हातारपणी याला पाणी कोण देईल, हेच रात्रभर. तो दर रविवारी फोन करायचा, मी 'हं' म्हणायचे. तरी करायचा. मी स्वतः १४४१६ वर, टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन केला. मराठीत बोलता आलं, फुकट आहे, तेव्हा कुठे मोकळी झाले.

आईला एकटीला गाठून सांग. पण आण्णांना सांगायचं ओझं तिच्यावर टाकू नको. माझ्या लेकाने टाकलं होतं, आणि दोन महिने मी ते एकटीने गिळलं. नवऱ्याच्या ताटात भाजी वाढताना हात कापायचा माझा. त्यांना तुझं तू सांग, बीपीची गोळी घेतल्यावर, सकाळी.

आणि क्रियापदाचं म्हणशील तर आजही घाईत माझ्या तोंडून 'आलीस का' निघतं. तो काही बोलत नाही, नुसता थांबतो. मी परत विचारते.

औशाकडचा:
काकू, ताई, दोन दिवस हेच वाचतोय. निलंग्याला दिलेल्या बहिणीला काल सांगितलं. तिला आवाजावरून आधीच संशय आला होता. रेणापूरच्या लोकांना ती परस्पर थांबवणार आहे. सनद अन् पासबुक खोलीवरच आहे.

दिवाळीची वाट बघत नाही. येत्या शनिवारी रास आहे, आई रानात एकटी जेवायला बसती विहिरीजवळ, तेव्हा सांगतो. रविवारी सकाळी आण्णांना. पुडी बरोबर नेतोय. सोमवारी सेकंड शिफ्ट आहे, मंगळवारी इथे लिहीन.