सोसायटीत हॅलोविन आहे, सासूबाई नाही म्हणतायत. तुमच्याकडे काय करता?

वाकडची_आई

जय ख्रिस्त सगळ्यांना. आधीच सांगते, भांडण लावायला विचारत नाहीये, खरंच अडकलेय. आमच्या सोसायटीत दोन वर्षांपासून ३१ ऑक्टोबरला हॅलोविन करतात, म्हणजे काय तर पोरं वेष करून मजल्यामजल्यावर बेल वाजवत फिरतात, चॉकलेटं गोळा करतात आणि खाली क्लबहाऊसमध्ये कुणीतरी जुन्या चादरीचं भूत टांगतं, बास एवढंच. गेल्या वर्षी लेकीला ताप होता म्हणून सुटलो. यंदा ती सात वर्षांची आहे आणि तिला मैत्रिणीबरोबर जोडीने चेटकीण व्हायचंय, काळी टोकदार टोपी माझ्या मोबाईलवर शोधून कार्टमध्ये टाकून पण ठेवलीय बाईसाहेबांनी.

सासूबाई पाळकांच्या घरातल्या. त्यांनी टोपी बघितली आणि "आपल्या घरात हे नाही" म्हणाल्या, संध्याकाळी बायबलात अनुवाद १८ वा अध्याय, जादूटोण्याला मनाई केलेला, उघडून माझ्या पुढ्यात ठेवला. नवरा म्हणतो अगं चॉकलेटचा कार्यक्रम आहे तो, कुठे मनावर घेतेस. सोसायटीत आम्ही धरून दोनच ख्रिस्ती घरं, दुसरं मल्याळी आहे आणि ते तर हॅलोविनच्या कमिटीतच आहेत! नाही म्हटलं तर पोरगी खिडकीत बसून खालचा गोंधळ ऐकणार, हो म्हटलं तर सासूबाई आठवडाभर जेवताना तोंड उघडणार नाहीत. तुम्ही लोक काय करता?

वसईचा_बाब्या

ताई, आम्ही कॅथलिक, त्यामुळे मला हा प्रकार जरा उलटाच वाटतो. मुळात नावच चर्चचं आहे, १ नोव्हेंबर सकल संतांचा सण आणि त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन, आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोममध्ये सगळ्या संतांच्या नावाने चॅपल केलं तेव्हापासून ही तारीख चालत आलीय असं मानतात. हॅलोविनच्या विरोधातले जे अमेरिकन व्हिडिओ फिरतात त्यांत सांगतात ना की हा मूळचा जुन्या केल्टिक लोकांचा साविन (Samhain) नावाचा सण म्हणून, तो सण आयर्लंडमध्ये होता हे खरं, पण त्याबद्दल जे लिहिलेलं सापडतं तेही बरंचसं नंतरच्या ख्रिस्ती मठवासीयांनीच लिहून ठेवलेलं आहे. भोपळ्याचं तर अजून वेगळं, आयर्लंडात सलगम कोरायचे, अमेरिकेत गेल्यावर भोपळा मिळाला, मोठा आणि कोरायला मऊ, मग काय.

आमच्याकडे खरा दिवस २ नोव्हेंबरचा, मृतांच्या आठवणीचा. आठवडाभर आधीपासून कबरी घासायच्या, चुना लावायचा, झेंडूचे हार, आणि संध्याकाळी अख्खी दफनभूमी मेणबत्त्यांनी भरलेली असते. लहान पोरांना तिथे भीती वगैरे काही वाटत नाही, वितळलेल्या मेणाचे गोळे करत बसतात. माझं म्हणणं एवढंच की ३१ ला जायचं तर जाऊ दे, पण २ तारखेला तिला पणजोबांच्या कबरीवर पण घेऊन जा.

लुथर_फॅन

३१ ऑक्टोबर १५१७. मार्टिन लुथर, चर्चच्या दारावर ठोकले म्हणतात ते ९५ मुद्दे, तिथूनच प्रोटेस्टंट पंथ सुरू. पोरीला काळा झगा घाला, हातात हातोडा आणि कागदाची गुंडाळी द्या, सासूबाई स्वतः लिफ्टपर्यंत सोडायला येतील 😄

नगरी_काका

वरच्यांनी इतिहास सांगितला, बरं झालं, पण इतिहासाने सासूबाई मानत नसतात. मी नगरचा (आता अहिल्यानगर म्हणायचं, तोंडात बसत नाही अजून), घरात मिशनच्या काळापासूनचा ख्रिस्ती धर्म, आणि मला याची मौज वाटते की आपण मराठी ख्रिस्ती लोक हा प्रश्न अमेरिकेतल्या व्हिडिओवाल्यांना विचारतोय. अहो याच प्रश्नात आपल्या तीनचार पिढ्या गेल्यात!

आमच्या वाड्यात आम्ही एकच ख्रिस्ती बिऱ्हाड. दिवाळीला समोरच्या काकूंकडून फराळाचं ताट यायचं. पहिल्या वर्षी आईने दारातच विचारलं म्हणे, देवापुढं ठेवलंय का हो? काकू रागावतील असं वडलांना वाटलेलं. तर दुसऱ्या वर्षीपासून काकू नैवेद्य दाखवायच्या आधीच आमचं ताट वेगळं काढून ठेवायला लागल्या आणि दारातनंच ओरडायच्या, "हे आधीचं आहे गं!" त्या गेल्या तोवर हे चाललं. आम्ही आकाशकंदील लावायचो, पण नाताळला, चांदणीचा. रांगोळी घालायचो, त्यात मेणबत्ती आणि घंटा. करंज्या नाताळच्या फराळात असायच्याच. तिळगूळ घ्यायचो, द्यायचो. गणपतीच्या आरतीला उभे राहायचो नाही पण मांडवाची वर्गणी द्यायचो आणि देखावा बघायला पहिले. ही रेघ कुणी पुस्तकात आखून दिली नव्हती, प्रत्येक घराने आपापली आखली, शेजारच्या ख्रिस्ती घराची रेघ दोन बोटं इकडे तिकडे असायची आणि त्यावरून कुजबूज पण व्हायची चर्चच्या आवारात, ते सोडा.

बायबलात प्रेषित पौलाने करिंथकरांना हेच लिहिलंय, १ करिंथ १० वाचा, बाजारात मिळतं ते चौकशा न करता खा, पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं तर त्या माणसाखातर खाऊ नका. आणि दिवस पाळण्याबद्दल रोमकरांस पत्र, १४ वा अध्याय. तिथे तर तो पाळणाऱ्याला पण झापत नाही आणि न पाळणाऱ्याला पण नाही.

आणि फार कडक व्हायचं तर मग नाताळ पण राहत नाही हो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटन, म्हणजे कडक प्रोटेस्टंट, लोकांनी १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता, बायबलात तारीख नाही म्हणून. १६८१ पर्यंत चाललं ते.

जर्सीकर_वहिनी

काका फराळाचं ताट वाचून डोळ्यात पाणी आलं हो. आम्ही पुण्याचेच, न्यू जर्सीत बारा वर्षं झाली. इथे हॅलोविनपासून लपणं अवघड, ऑक्टोबर लागला की दुकानात सांगाडेच सांगाडे. पहिल्या वर्षी आम्ही इथल्या रिवाजाप्रमाणे बाहेरचा दिवा बंद ठेवला, दिवा बंद म्हणजे पोरं बेल वाजवत नाहीत, आणि मागच्या खोलीत टीव्हीचा आवाज कमी करून बसलो. मुलगा तेव्हा चार वर्षांचा, हळूच म्हणाला, "आई आपण कोणापासून लपलोय?" मला काही उत्तरच देता येईना.

आता आम्ही दिवा लावतो. वर्षभर ज्या शेजाऱ्यांशी गाडीतून हात हलवण्यापलीकडे बोलणं नाही ते त्या एका रात्री आपणहून दारात येतात, ते मला सोडवत नाही. भुताखेताचे कपडे नाहीत एवढा एकच नियम, मुलगा एकदा अग्निशामक दलवाला झाला, एकदा पोस्टमन. आमच्या चर्चमध्ये ट्रंक ऑर ट्रीट करतात, म्हणजे पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्क्या सजवून पोरांना तिथेच खाऊ. पण खरं सांगू, मला ते पटत नाही फारसं, सगळे आपलेच लोक आपल्याच पोरांना चॉकलेट देतात, मग शेजारी कुठे आला त्यात?

परळीकडचा

मी सहसा लिहीत नाही इथं. सगळे गंमत म्हणून बोलतायत म्हणून लिहितो. माझ्या पणजीला गावाने चेटकीण ठरवलं होतं. शेजारचं लेकरू दगावलं, भगताने बोट दाखवलं तिच्याकडे. विहिरीवर येऊ देत नव्हते, रात्री घरावर दगड. ती पोरं घेऊन मिशनच्या आवारात आली आणि तिथेच बाप्तिस्मा झाला. आमच्या घरात ख्रिस्ती होणं म्हणजे त्या भीतीतून सुटणं, आजी म्हणायची येशूच्या नावाने झोप लागायला लागली.

आपल्या राज्यात २०१३ ला जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, म्हणजे काही फार जुनी गोष्ट नाही ही. तुमच्या लेकीने चॉकलेट खावं, नाचावं, माझी हरकत नाही. फक्त ती टोपी बघून तुमच्या सासूबाईंना नेमकं काय आठवतं ते व्हिडिओ बाजूला ठेवून एकदा विचारा. कदाचित काहीच नसेल.

वाकडची_आई

सगळ्यांना थँक्यू, आठ दिवसांनी लिहितेय, सॉरी. परळीकडच्या दादांचं मी सासूबाईंना मोबाईलवरून मोठ्याने वाचून दाखवलं. त्या लसूण सोलत होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या "आमच्या गावात पण होती एक," आणि पुढे काहीच नाही, मीही विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, जाऊ दे तिला खाली, टोपी तेवढी नको.

लेकीला टोपी नाही म्हटल्यावर अर्धा तास रडारड झाली, खोटं कशाला सांगू. शेवटी ती मधमाशी झाली, मैत्रीण चेटकीणच राहिली. लुथरची आयडिया नवऱ्याला फार आवडली होती पण सोसायटीत प्रत्येक दारात कोण म्हणून समजावत बसावं लागलं असतं. बेल वाजली की चॉकलेट द्यायला मीच उठत होते, सासूबाई आतल्या खोलीत होत्या, पण टीव्ही बंद होता एवढं मी बघितलं. २ तारखेला सगळे कबरस्तानात जाऊन आलो.

आता एक वेगळाच प्रश्न. कमिटीने कोरलेल्या भोपळ्यांचा आतला गर फेकून देत होते तो मी डबाभर मागून आणला, सासूबाईंनी लगेच घारगे करायला घेतले, पण पीठ सैल झालं आणि गोडीच नाही. गूळ वाढवू का?

जर्सीकर_वहिनी

अगं कोरायचे भोपळे पाणचट असतात, मी दोनदा फसलेय. गूळ वाढवलास तर पीठ अजून सुटेल. गर आधी कढईत नुसता परतून पाणी आटव, मग त्याच्यात गूळ, गार झालं की मावेल तेवढीच कणीक. आणि चिमूटभर मीठ.