पोस्टरवर फोन धरला की संबळवादक बाहेर यावा, कमी पैशात जमेल का?

संबळवाला, नाशिक
आम्ही पाच जण गोंधळ आणि भारुडं नव्या चालींत गातो. आमचा अल्बम येतोय, त्याची पोस्टरं गावोगावी लावणार आहोत. कॅमेरा पोस्टरवर धरला की संबळवादक त्यातून उठून वाजवायला लागावा, असं मनात आहे. गोरिलाझ या ब्रिटिश बँडने न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये केलेल्या ऑगमेंटेड रिॲलिटीच्या (एआर, म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यात खऱ्या दृश्यावर चित्र उभं करायचं तंत्र) प्रयोगाचे व्हिडिओ पाहिले तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. पण ॲप बनवून घेण्याइतके पैसे नाहीत, आणि श्रोते बहुतेक स्वस्तातल्या अँड्रॉइडवाले. आमच्यातला एक जण वेबसाइटी बनवतो. मार्ग आहे का?

पिकाडिलीकर
मी लंडनला असतो. १७ डिसेंबर २०२२ ला टाइम्स स्क्वेअर आणि दुसऱ्या दिवशी इथे पिकाडिली सर्कस, असे ते दोन प्रयोग झाले. इथल्याला मी गेलो होतो. त्याच दिवशी फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना होता, तरी थंडीत लोक फोन वर धरून उभे होते. नूडल, टू-डी, मर्डॉक आणि रसेल ही बँडमधली चित्रातली पात्रं इमारतींच्या उंचीचे होऊन चौकात वाजवत होते. मला ते मनापासून आवडलं, कारण डेमन अल्बार्न आणि जेमी ह्यूलेट यांचा हा बँड मुळातच चित्रातला आहे. त्या चौघांना रस्त्यावर उभं राहायचं तर असंच काहीतरी लागणार. तुमचा वादक हाडामांसाचा आहे, तो समोर वाजवत असताना लोकांना फोनमध्ये बघायला लावू नका. पोस्टरची कल्पना म्हणूनच मला जास्त पटते.

शिवाय त्या प्रयोगासाठी वेगळं ॲप होतं. उंच इमारतींमध्ये जीपीएस काही मीटर चुकतं, म्हणून त्यात वापरलेलं गूगलचं तंत्र कॅमेऱ्यातलं दृश्य स्ट्रीट व्ह्यूच्या, म्हणजे गूगल मॅप्समधल्या रस्त्यांच्या फोटोंशी जुळवून फोनची जागा ठरवतं. भारतात जुलै २०२२ मध्ये स्ट्रीट व्ह्यू आलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत नाशिक होतं खरं, पण त्यासाठी एआरकोर (गूगलची एआर प्रणाली) चालणारा फोन लागतो आणि स्वस्तातल्या बऱ्याच फोनवर ती चालत नाही.

कोडवाली
माइंडएआर वापरा. चित्र ओळखून त्यावर व्हिडिओ दाखवणारं वेबसाइटसाठीचं साधन आहे, मुक्त स्रोत आहे, फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं. पोस्टरवर क्यूआर छापायचा, पान उघडलं की कॅमेऱ्याची परवानगी मागितली जाते, बस.

पोस्टरचं चित्र मात्र आधी नीट ठरवा. सपाट रंग आणि एकसारखी नक्षी फोनला ओळखता येत नाही. बारकावे, कोपरे, डावी-उजवी बाजू वेगळी असं चित्र हवं. लॅमिनेशन चकचकीत नको, उन्हात नुसतं चमकतं. वादकाचं चित्रीकरण हिरव्या कापडापुढे करा आणि हिरवा रंग कोडमध्येच गाळा, कारण पारदर्शक व्हिडिओचे प्रकार आयफोन आणि अँड्रॉइडवर वेगळे पडतात. व्हिडिओ छोटा ठेवा, खेड्यात रेंज जेमतेम असते.

आणि आवाज! बोट लावल्याशिवाय ब्राउझर आवाज सोडत नाही. संबळ मुका वाजला तर सगळं फुकट. ‘वाजवा’ असं मोठं बटण ठेवा.

इन्स्टाग्रामच्या फिल्टरवर विसंबू नका. इन्स्टाग्रामच्या मेटा कंपनीने स्पार्क एआर हे फिल्टर बनवायचं साधन १४ जानेवारी २०२५ ला बंद केलं आणि बाहेरच्या लोकांनी बनवलेले फिल्टर गेले. स्वतःच्या पानावरची गोष्ट आपल्या हातात राहते.

संबळवाला, नाशिक
दोघांचेही खूप आभार. पोस्टरवर आम्ही एकसारखी वारली नक्षी घेतली होती, ती आता कडेला सरकवतो आणि मध्ये संबळाचा जवळून काढलेला फोटो घेतो. एक राहिलं: पानाची लिंक व्हॉट्सॲपवरूनही फिरवायची आहे. चालेल?

कोडवाली
काही ॲप लिंक स्वतःच्याच आत उघडतात आणि तिथे कॅमेरा मिळत नाही. पानावर वरच मराठीत लिहा: ‘क्रोम किंवा सफारीत उघडा’. पत्ता https ने सुरू होणारा हवा, नाहीतर कॅमेरा कुठेच सुरू होणार नाही. आणि लिंक फिरवाल तेव्हा सोबत पोस्टरचा फोटो पाठवा. घरी दुसऱ्या फोनच्या पडद्यावर तो उघडून त्याच्यावर कॅमेरा धरला तरी संबळ वाजेल.