मदत हवी आहे: कॅमेऱ्याची ३०० एफ/४ लेन्स सेकंडहँड घेऊ की थांबू? भाव असे का चढलेत?

वाशिष्ठीकाठ · ९ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येतो. ३०० एफ/४ घ्यायची आहे, वापरलेलीच. गेल्या गणपतीत एकाकडे ६८ हजारांना होती. बोनस झाला की घेतो म्हणालो आणि तिथेच फसलो. आता तशीच दुसरी ८४ला आहे. तिसरा एक जण ८९ सांगतो आणि वर "आज घ्या, उद्या नसेल" म्हणतो. हापूससुद्धा मे संपत आला की खाली येतो, ही लेन्स का येत नाही?

पाऊस लागायच्या आत हातात हवी. यंदा खंड्यांतला तिबोटी चुकवायचा नाही. घेऊ की थांबू, एवढंच सांगा. "नवीन घे" नको, "मोबाईलवर काढ" तर अजिबात नको.

पाणकावळा · रात्री ९:५८

कुठली ३०० एफ/४? कॅननची आहे, निकॉनच्या तर दोन-तीन पिढ्या आहेत. बॉडी, म्हणजे कॅमेरा, कुठला? बिल आहे का? माल मुंबईत आहे की पुण्यात? काहीच लिहिलं नाहीत आणि म्हणे मुद्द्याचं बोला.

रत्नांग्रीचा_नाना · रात्री १०:१२

३००चा नाद सोडा. निकॉनची २००-५०० घ्या. मी तीन वर्षं वापरतोय. झूम ती झूम. भाट्याच्या पुलावरून समुद्रगरुड अख्ख्या चौकटीत भरतो. ३०० घेऊन काय करणार, पक्ष्याच्या मागे पोहत जाणार?

वाशिष्ठीकाठ · रात्री १०:२०

निकॉन. लिहायचं राहिलं. हलकीवाली.

नाना, २००-५०० उचलून पाहिली आहे. सव्वादोन किलोच्या वर जाते. डोंगरात पावसात एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात ते धूड? तुम्ही पुलावर उभे राहता, मी वहाळात.

पाणकावळा · रात्री १०:४१

हलकीवाली म्हणजे ३०० पीएफ (पीएफ म्हणजे लेन्स हलकी करणारी खास काच), २०१५ची. वजन ७५५ ग्रॅम. आता भावाचं ऐका.

निकॉनने २०१८ला झेड माउंट आणला, म्हणजे बिनआरशाच्या (मिररलेस) कॅमेऱ्यांना लेन्स बसवायची नवी पद्धत. त्यात लांब पल्ल्याच्या लेन्स पुष्कळ आल्या. ४०० एफ/४.५ आली, ६०० एफ/६.३ आली, १८०-६०० आली. पण ३०० एफ/४ काही आली नाही. म्हणजे ज्याने नवीन मिररलेस बॉडी घेतली आणि ज्याला हलकी ३०० हवी, तोही ॲडॉप्टर लावून हीच जुनी घेतो. पूर्वी आरशाचे कॅमेरे वापरणारे डीएसएलआरवाले तेवढे गिऱ्हाईक होते, आता दोन्हीकडचे आहेत. आणि एकदा घेतलेला माणूस ती विकत नाही. नदीला पाणी कमी आणि दोन गावांचे पंप लागलेत, असं झालंय.

हे सगळ्या जुन्या लेन्सना लागू नाही. किटबरोबर येणारी १८-१०५ कुणी फुकट नेत नाही. नानांच्या २००-५००लाही १८०-६००ने टक्कर दिली आहे. जिला वारस नाही, तिचाच भाव टिकतो.

बॉडी कुठली ते अजून सांगितलेलं नाही.

ॲपर्चर_आण्णा · रात्री ११:०५

अर्धवट माहिती. खरं कारण अमेरिका. २०२५ला तिथे आयातशुल्क वाढलं, नव्या लेन्सचे भाव वाढले, लोक जुन्याकडे वळले. जगभरचा बाजार एकमेकांना बांधलेला आहे.

पाणकावळा · रात्री ११:११

आण्णा, चिपळूणचा माणूस मुंबईच्या बोरा बाजारातून लेन्स घेतोय, न्यूयॉर्कहून नाही. इथला विकणारा इंटरनेटवर वरचा आकडा बघतो आणि तोच लावतो, हे मान्य. पण मागितलेला भाव वेगळा आणि मिळालेला वेगळा. ८९ची जाहिरात किती दिवस तशीच पडून आहे, ते आधी बघा.

वाशिष्ठीकाठ · रात्री ११:१९

मार्चपासून.

पाणकावळा · रात्री ११:२०

मग झालं तर. "उद्या नसेल" म्हणे.

लाल_ठिपका · १० मे, सकाळी ७:३०

माझं ऐकाल तर लायकाची जुनी ५० एमएम घेऊन ठेवा. सोन्यासारखी आहे. वापरा, जपा, दहा वर्षांनी विका.

वाशिष्ठीकाठ · सकाळी ७:४४

५० एमएमने तिबोटी? खांद्यावर येऊन बसायला हवा.

देवराईतली · सकाळी ८:१५

भावाचं मला कळत नाही, पण "तिबोटी चुकवायचा नाही" वाचून राहवलं नाही. तिबोटी खंड्या पावसाळ्यात मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. आईबाप दिवसभर सापसुरळ्या, बेडूक, खेकडे आणून भरवतात. गेल्या वर्षी आमच्याकडे एका बिळासमोर अकरा तिपाया मोजल्या मी. पक्षी तोंडात बेडूक घेऊन अर्धा तास फांदीवर बसून होता. आत शिरायची हिंमत होईना. पिल्लं उपाशी आणि यांचं "जरा डावीकडे सरका".

वाशिष्ठीकाठ · सकाळी ८:२२

ताई, मी एकटा जातो. बिळाजवळ जात नाही. प्रश्न लेन्सच्या भावाचा आहे.

देवराईतली · सकाळी ८:३०

सगळे एकटेच जातात दादा. एकटे एकटे अकरा जण.

रत्नांग्रीचा_नाना · सकाळी ८:४१

म्हणूनच म्हणतो २००-५०० घ्या. लांबून काढता येतो.

पाणकावळा · सकाळी ९:०२

नाना, पावसाळ्यात रानात उजेड किती असतो? एफ/४ला शटर १/२५० सेकंद मिळत असेल, तर तेवढ्याच आयएसओला (सेन्सरची उजेड टिपायची ताकद) तुमच्या लेन्सच्या एफ/५.६वर १/१२५ मिळेल, कारण आकडा मोठा तेवढा उजेड कमी. पक्षी मान हलवणार, फोटो गेला. ताईंचा मुद्दा मात्र बरोबर आहे. दोन्ही एकदम खरं असू शकतं.

धागाकर्ते, बॉडी?

कोळथऱ्याचा_माड · सकाळी १०:२०

भाव राहू द्या, आधी बुरशी बघा. कोकणातली वापरलेली लेन्स घेताना मी दहा वेळा विचार करतो. जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की चपलांना बुरा येतो, तिथे काच काय टिकणार. अंधाऱ्या खोलीत जा, लेन्सची दोन्ही झाकणं काढा, एका बाजूने टॉर्च तिरका मारा आणि दुसऱ्या बाजूने बघा. चार ठिपके दिसले तर धूळ, ती चालते. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे दिसले तर बुरशी. धुरकट पडदा दिसला तरी सोडा.

शिवाय पूर. २२ जुलै २०२१ला चिपळुणात माझ्या मेव्हण्याच्या स्टुडिओत छातीएवढं पाणी होतं. तीन लेन्स गाळात गेल्या. महिनाभराने एक गृहस्थ आले आणि त्या "पार्टसाठी" म्हणून घेऊन गेले. त्यांचं पुढे काय झालं देव जाणे. स्क्रूच्या खाचा गंजलेल्या किंवा खरवडलेल्या दिसल्या, झूम किंवा फोकसची रिंग फिरवताना वाळूसारखं करकरलं, तर हात जोडून परत या.

खारफुटी · सकाळी १०:४८

आम्ही तांदळाच्या डब्यात ठेवतो. वीस वर्षं काही झालं नाही.

मी_मालवणी · सकाळी १०:५५

तांदळात? आणि मगे लेन्सची पेज करतलास काय? तांदळाचो पिठूळ रिंगेत जाता बाबा. सिलिका जेल घे, निळी असा तवसर बरी, गुलाबी झाली की तव्यार भाज आणि परत घाल. घट्ट झाकणाचो डबो पुरे.

ॲपर्चर_आण्णा · सकाळी ११:१०

डबे-बिबे सोडा, ड्राय कॅबिनेट घ्या. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर लावायची आणि विसरून जायचं.

मी_मालवणी · सकाळी ११:१४

लाईट खय असता? गेली की तीन दिस येणा नाय.

ॲपर्चर_आण्णा · सकाळी ११:२०

दार उघडलं नाही तर आतली कोरडी हवा लगेच ओली होत नाही. आणि त्यातही सिलिकाची पुडी ठेवता येते.

मी_मालवणी · सकाळी ११:२३

म्हणजे शेवटी पुडीच ना!

वाशिष्ठीकाठ · दुपारी १:३०

लोकहो, डबा, कपाट, पेज सगळं नंतर. बॉडी डी-९० आहे. त्याने काय फरक पडतो? निकॉनची लेन्स निकॉनला बसणारच ना?

पाणकावळा · दुपारी १:३६

अरे देवा.

हे काल रात्री ९:४०ला लिहिलं असतंत तर माझी झोप वाचली असती. ३०० पीएफ ही "ई" प्रकारची लेन्स आहे. तिचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, विजेवर उघडमीट करतं. जुन्या लेन्समध्ये मागे एक छोटी दांडी असते, बॉडी ती ढकलते. डी-९०ला फक्त दांडी ढकलणं येतं, विजेचा निरोप देणं येत नाही. लेन्स बसेल, फोकस करेल, पण ॲपर्चर कायम एफ/४वर उघडं राहील. एफ/८ केलंत तरी ते मिटणार नाही.

वाशिष्ठीकाठ · दुपारी १:४५

पण त्या ८४वाल्याने स्वतःच्या डी-३००वर लावून दाखवली होती. डी-३०० तर माझ्यापेक्षा जुना!

पाणकावळा · दुपारी १:५२

हो, २००७चा. तुमचा २००८चा. तरी डी-३००ला चालते आणि डी-९०ला नाही. निकॉनच्या माहितीपत्रकात ही यादी दिलेली असते, बघून घ्या. विकणाऱ्याने फसवलं असं म्हणणार नाही, त्याने तुमची बॉडी विचारली नसेल. तुम्ही आम्हालाही सांगितली नव्हती.

ॲपर्चर_आण्णा · दुपारी २:०५

मग काय बिघडलं? पक्ष्यांचे फोटो नाहीतरी एफ/४वरच काढणार. रानात कोण एफ/८ करतंय? बिनधास्त घ्या, बॉडी पुढे बदला.

पाणकावळा · दुपारी २:१४

८४ हजार घालून अर्धी लेन्स? आणि सुरुवातीच्या काही पीएफमध्ये १/१२५च्या आसपास व्हीआर (हाताची थरथर सावरणारी सोय) चालू असताना फोटो हलायचे, निकॉनने त्यासाठी फर्मवेअर (लेन्समधलं सॉफ्टवेअर) काढलं होतं. ते टाकलंय की नाही, डी-९०वर तपासत बसणार? आणखी एक. पीएफ काचेमुळे चौकटीत तेजस्वी दिवा किंवा सूर्य आला की भोवती रंगीत वलयं येतात. रानात त्रास नाही. गुहागरच्या किनाऱ्यावर सूर्यास्तासमोर कुरव काढायला गेलात तर आठवण येईल.

रत्नांग्रीचा_नाना · दुपारी २:२०

२००-५००...

पाणकावळा · दुपारी २:२१

नाना, तीही "ई"च आहे.

रत्नांग्रीचा_नाना · दुपारी २:४०

हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडे डी-७२०० आहे.

कोळथऱ्याचा_माड · दुपारी ३:१०

मग पीएफच्या आधीची घ्या ना, ३०० एफ/४ एएफ-एस, म्हणजे फोकसची मोटर लेन्समध्येच असलेली. तिला दांडी आहे, डी-९०वर पूर्ण चालते. व्हीआर नाही, वजन दीड किलोच्या जवळपास. पीएफच्या मानाने बरीच स्वस्त मिळावी. माझ्याकडे होती. तिपायीला लावायची कॉलर तेवढी मेली डुगडुगते. मोटरचा आवाज ऐका, चिरकत असेल तर नको, तिचे सुटे भाग आता मिळणं मुश्कील.

आणि जाहिरातीत "एएफ-एस" ही अक्षरं आहेत का ते बघा. तिच्याही आधीची स्क्रूवाली (जिचा फोकस कॅमेऱ्यातली मोटर फिरवते) ३०० एफ/४ आहे, लोक नुसतं "निकॉन ३०० एफ/४" लिहून विकतात. डी-९०मध्ये मोटर आहे म्हणून फोकस करेल. पण उद्या मिररलेसवर नेहमीच्या एफटीझेड ॲडॉप्टरने लावलीत तर हातानेच फोकस करावा लागेल.

ॲपर्चर_आण्णा · दुपारी ३:३०

बिना व्हीआर, दीड किलो, वहाळात, एका हातात छत्री. वा! त्यापेक्षा बॉडी बदला, लेन्स भाड्याने आणा. मुंबई-पुण्यात मिळतात. तिबोटीचे चार दिवस भाडं भरा, झालं.

वाशिष्ठीकाठ · दुपारी ३:४१

आण्णा, पक्षी तारीख देऊन येत नाही हो. भाड्याने आणली की नेमका चार दिवस मुसळधार.

देवराईतली · दुपारी ४:००

चार दिवस पक्ष्याला तरी निवांत मिळतील.

वाशिष्ठीकाठ · १६ मे, रात्री १०:३०

अपडेट. पीएफ सोडली. ८९वाल्याचा काल स्वतःहून फोन आला, ८०ला देतो म्हणाला. पाणकावळा, तुमचं खरं होतं. नको म्हणताना जीवावर आलं.

आज मुंबईला जाऊन एएफ-एस बघून आलो. ४१ सांगतोय, ३८पर्यंत येईल. एएफ-एस लिहिलेलं आहे, वाचून घेतलं. मोटर चिरकत नाही. कॉलर डुगडुगते, म्हणजे असली आहे :) स्क्रू स्वच्छ. दुकानाच्या मागच्या खोलीत टॉर्च मारला तर कडेला एक बारीक पांढरी रेघ आणि तिला दोन फाटे दिसले. तो म्हणतो धूळ आहे, पुसली की जाईल. टोकन दिलेलं नाही, सोमवारपर्यंत थांबेल म्हणाला. मोबाईलवर काढलेला फोटो खाली टाकतोय. सांगा.

कोळथऱ्याचा_माड · रात्री १०:४४

बुरशी. धुळीला फाटे फुटत नाहीत. सोडा.

ॲपर्चर_आण्णा · रात्री १०:५०

धाग्याचा तंतू असेल. कापसाने पुसताना राहतो. ३५ म्हणा आणि घ्या.

खारफुटी · रात्री १०:५२

तांदळात ठेवून बघा चार दिवस.

पाणकावळा · रात्री १०:५८

फोटोवरून काहीही सांगता येत नाही. रेघ पुढच्या काचेवर आहे की मागच्या? बाहेरून आहे की आत? आणि टॉर्च कुठल्या बाजूने मारला होता?