गायबगळा आणि म्हैस : हे नाते सहभोजितेचे की सहोपकारितेचे?

प्रश्न : करवीर_जीवशास्त्र

नमस्कार. मी कोल्हापूरजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. प्रजातींमधील आंतरक्रिया शिकवताना आम्ही नेहमीचा तक्ता मांडतो : दोघांचा लाभ असेल तर सहोपकारिता, एकाचा लाभ आणि दुसऱ्याला काहीच फरक पडत नसेल तर सहभोजिता, एकाचा लाभ आणि दुसऱ्याची हानी असेल तर भक्षण किंवा परजीविता, दोघांचीही हानी असेल तर स्पर्धा. सहभोजितेसाठी गायबगळा आणि चरणारे जनावर हे उदाहरण ठरलेले आहे. माझ्या वर्गातील बहुतेक मुलांच्या घरी म्हशी आहेत. त्यांतील एका मुलीने विचारले की, बगळे म्हशीच्या अंगावरच्या माश्या आणि गोचीडही टिपतात, तर मग म्हशीचा लाभ शून्य कसा? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर तक्त्यात नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, आणि शक्य असल्यास आपल्याच शिवारातील आणखी उदाहरणे सांगावीत.

उत्तर १ : माळरान_निरीक्षक

मॅडम, आपल्या विद्यार्थिनीने तक्त्यातील सर्वांत कच्च्या जागेवर बोट ठेवले आहे. अधिक आणि उणे ही चिन्हे तुलनेने सहज पडताळता येतात, परंतु शून्य सिद्ध करणे फार अवघड असते, कारण फरक खरोखरच पडत नाही की तो आपण मोजलेला नाही, हे नुसत्या निरीक्षणावरून कळत नाही.

गायबगळ्याच्या बाजूचा लाभ चांगला मोजलेला आहे. जनावर चालू लागले की गवतातील नाकतोडे उडतात, आणि त्यामुळे जनावराजवळ चरणाऱ्या बगळ्याला एकट्या बगळ्यापेक्षा कमी पावले टाकून जास्त भक्ष्य मिळते. त्याचे मुख्य अन्न हे गवतातले कीटक आहेत; माश्या आणि गोचीड तो टिपतो, पण ते त्याच्या आहाराचा लहानसा भाग असतात. म्हणून म्हशीचा लाभ अगदीच नाही असे म्हणता येत नाही, तरी तो इतका थोडा आणि अनियमित आहे की ‘सहभोजितेच्या जवळचे नाते’ हे वर्णन मला योग्य वाटते. गोचिडांचा प्रादुर्भाव जास्त असलेल्या गोठ्यातील जनावरांच्या बाबतीत हेच नाते सहोपकारितेकडे झुकू शकते.

माझ्या मते मुलांना हेच सांगावे, की ही नावे प्रजातींच्या जोड्यांना कायमची चिकटलेली नसून, विशिष्ट ठिकाणी आणि विशिष्ट काळी त्यांच्यात जे घडते त्याला दिलेली असतात. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या आमरी (ऑर्किड) पाहाव्यात. त्या झाडाचा अन्नरस शोषत नाहीत, केवळ आधार घेतात, म्हणून त्यांना सहभोजी म्हणतात. परंतु अशा वनस्पतींचा भार वाढून पावसाळ्यात एखादी फांदी मोडली, तर त्या झाडापुरते शून्याचे उणे झालेले असते.

उत्तर २ : भोगावतीकाठ

मी ऊस उत्पादक शेतकरी आहे. नांगरट सुरू झाली की बगळे, कावळे आणि साळुंक्या ट्रॅक्टरमागे येतात, हे आपल्याकडे सर्वांच्या पाहण्यातले आहे. तिथे म्हशीची जागा नांगराने घेतलेली असते, आणि उघड्या पडलेल्या हुमणीच्या अळ्या खाल्ल्यामुळे लाभ थेट आम्हाला होतो, कारण हुमणी उसाची मुळे कुरतडते आणि उभे बेट वाळते. तिचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर जमतात, म्हणून तेव्हा ते गोळा करून नष्ट केले तर पुढची पिढी कमी होते. मेटारायझियम ही बुरशी याच अळीवर वाढून तिला मारते. मॅडमच्या तक्त्यात हुमणी आणि ऊस, पक्षी आणि हुमणी, बुरशी आणि हुमणी अशा तीन वेगळ्या ओळी होतील, पण शेतात ती एकच गोष्ट असते.

करवीर_जीवशास्त्र

दोघांचेही आभार. हुमणीचे उदाहरण मी वर्गात नक्की घेईन. आता एक पुढचा प्रश्न आहे : भक्षक असूनही कीड एकाएकी अफाट का वाढते?

उत्तर ३ : पानथळ

याचे उत्तर पश्चिम महाराष्ट्राने २००२ मध्ये उसावरील लोकरी माव्याच्या रूपाने अनुभवले. हा मावा पानाच्या खालच्या बाजूने रस शोषतो. त्याच्या शरीरातून पडणारा गोड चिकटा खालच्या पानांवर साचतो, त्यावर काळी बुरशी वाढते आणि पानाला प्रकाश मिळेनासा होतो. मावा झपाट्याने प्रजनन करतो. भक्षकाची संख्या मात्र भक्ष्य वाढल्यानंतरच वाढू शकते, त्यामुळे ती नेहमी मागे राहते. लोटका आणि व्होल्टेरा या शास्त्रज्ञांनी १९२५-२६ च्या सुमारास हाच विलंब गणिती समीकरणांत मांडला. पुढे डिफा आणि मायक्रोमस हे माव्याचे भक्षक शेतांत आढळू लागले, आणि त्यांच्या अळ्या व कोष असलेली पाने एका शेतातून दुसऱ्या शेतात नेऊन बांधण्यात आली. सरसकट कीटकनाशक फवारण्याने हे मित्रकीटकही मरतात, आणि मग ज्या किडीचे प्रजनन अधिक वेगवान, तीच आधी सावरते.

पंचगंगेतील जलपर्णीचेही कारण काहीसे असेच आहे. ती मूळची दक्षिण अमेरिकेची असल्याने तिला खाणारे भुंगे तिच्याबरोबर इथे आले नाहीत. ते १९८० च्या दशकात मुद्दाम भारतात आणून सोडावे लागले. मात्र सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळत राहिले, तर केवळ भक्षकाच्या बळावर ती आवरणे कठीण असते, आणि हा भाग वर्गात वगळू नये असे मला मनापासून वाटते.

आंब्यावरचे बांडगूळही मुलांना दाखवावे. ते आंब्याच्या दृष्टीने परजीवी आहे. पण त्याची फळे खाऊन चिकट बिया दुसऱ्या फांदीवर टाकणारा फुलटोच्या हा पक्षी त्याचा सहोपकारी आहे. एकच वनस्पती दोन जीवांशी दोन विरुद्ध नाती एकाच वेळी जपते, म्हणून ‘बांडगूळ काय आहे?’ असे न विचारता ‘कोणाशी?’ असे विचारायला शिकवावे.

उत्तर ४ : माळरान_निरीक्षक

प्रकल्पासाठी एक सूचना. मुलांनी म्हशीजवळचा एक आणि त्याच कुरणातील एकटा एक असे दोन बगळे निवडावेत, प्रत्येकाचे पाच मिनिटे निरीक्षण करून टाकलेली पावले आणि यशस्वी टोच स्वतंत्र मोजाव्यात, आणि गवताची उंची नोंदवावी. म्हशीच्या अंगावरून टिपलेले भक्ष्य व गवतातून टिपलेले भक्ष्य वेगवेगळ्या रकान्यांत लिहिले, तर विद्यार्थिनीच्या मूळ शंकेला आकड्यांचा आधार मिळेल. नोंदी पावसाळ्याच्या अखेरीस आणि पुन्हा मार्च-एप्रिलमध्ये घ्याव्यात, कारण गवत सुकल्यावर नाकतोडे कमी होतात आणि तेव्हा बगळा जनावराच्या अंगाकडे अधिक वळतो का, हे त्यातूनच पाहता येईल.