मदत हवी आहे: आईच्या गेममधल्या जाहिराती बंद करायच्या आहेत, लेव्हल न घालवता

आई सत्तरीची आहे. रोज दुपारी फोनवर रंगीत ठोकळे जुळवायचा गेम खेळते आणि त्यात तिचा वेळ छान जातो, त्यामुळे गेम बंद करायचा नाहीये. त्रास आहे तो जाहिरातींचा. दर लेव्हलनंतर एक जाहिरात येते. ती बंद करायची फुली कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढी असते, बोट जरा सरकलं की थेट प्ले स्टोअर उघडतं आणि ती घाबरून फोन माझ्याकडे आणते.

नेट बंद करून पाहिलं, पण मग पुढची लेव्हलच उघडत नाही. सायमन टॅथम यांचा कोड्यांचा संच टाकून दिला. फुकट आहे, जाहिराती नाहीत, ऑफलाइन चालतो, खरंच उत्तम आहे. पण सगळं इंग्रजीत, तिला जमलं नाही. २०४८ नावाच्या गेममध्ये सगळा खेळ आकड्यांचा, तिला रंग जुळवायचे असतात. खरेदीला पासवर्ड लावलेला आहे, म्हणजे पैसे जायची भीती नाही.

आता गूगल प्ले पास (वर्गणी भरली की यादीतले गेम जाहिरातींशिवाय खेळता येतात) घ्यायचा विचार आहे. तिचा गेम त्या यादीत आहे, आणि फॅमिली ग्रुपमधून माझी वर्गणी तिला वापरता येते. फोन अँड्रॉइड, गूगल अकाउंट तिचं स्वतःचं. गेममध्ये मात्र ती गेस्ट म्हणूनच खेळते, लॉगिन केलेलं नाही.

कुणी असं केलंय का? प्ले पास सुरू केल्यावर गेम काढून पुन्हा टाकावा लागतो का, आणि तसं झालं तर गेस्टच्या लेव्हल आधी कुठे सेव्ह करून ठेवायच्या?