मदत हवी आहे: रेडिएशननंतर तोंड उघडत नाही (सोलापूर)

मंडळी, माझ्या काकांचं गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, रेडिएशनही पूर्ण झालं. आता तोंडात दोन बोटंसुद्धा जात नाहीत. तोंड 35 मिलिमीटरपेक्षा कमी उघडलं तर त्याला ट्रिसमस म्हणतात. रेडिएशनने चावण्याचे स्नायू आखडतात आणि व्यायाम सोडला तर जबडा आणखी आवळत जातो, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

घरी आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरतो, सोसेल तशी एकेक वाढवतो. पण काका कळवळतात, मग काकूच म्हणते, "राहू दे रे आज." तिचा जीव तुटतो, समजतं मला, पण खाडा परवडणारा नाही.

सोलापुरात किंवा पुण्यात अशा पेशंटसोबत काम करणारे फिजिओथेरपिस्ट कुणाला माहीत आहेत का? जबडा उघडायचं स्क्रूचं साधन कुणी वापरलंय का, सैल दातांना चालतं का? शेक आधी द्यावा की नंतर? त्या भागाची संवेदना कमी झालीय, म्हणून भाजायची भीती वाटते. आणि पातळ पण पोटभरीचं काय देता? पेज आणि नाचणीच्या सत्त्वाला ते कंटाळलेत, तिखट तर जिभेला लावता येत नाही. वजन उतरत चाललंय. कृपया अनुभव असलेल्यांनीच लिहा, जडीबुटीवाल्यांचे नंबर नकोत.