‘ओपन गार्ड’ : उघडा, मोकळा की सुटा?

प्रश्न

एमएमएवरच्या (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, ज्यात ठोसे, लाथा आणि जमिनीवरच्या पकडी सगळं चालतं) एका मराठी लेखात ‘ओपन गार्ड’साठी ‘उघडा बचाव’ असा शब्द वाचला. वाक्य साधारण असं होतं : ‘पाठीवर पडल्यावर त्याने उघडा बचाव स्वीकारला.’ वाचताना वाटतं, बिचाऱ्याने मार खायचं ठरवलं. प्रत्यक्षात तसं नसतं एवढं लढती पाहून कळतं. मग यातल्या ‘ओपन’चा नेमका अर्थ काय? आणि बॉक्सिंगमधला हातांचा गार्ड आणि हा पायांचा गार्ड एकाच परिच्छेदात आले तर काय करायचं?

प्रतिसाद

‘उघडा’ने अर्थ उलटाच होतो, तो आधी काढा. जिउ-जित्सूत, म्हणजे जमिनीवर पकडींनी लढायच्या ब्राझिलियन झुंजीत, गार्ड म्हणजे खालच्याने आपल्या आणि वरच्याच्या धडामध्ये पाय राखणं. दोन्ही पाय वरच्याच्या कमरेभोवती टाकून घोटे त्याच्या पाठीमागे एकमेकांत अडकवले की क्लोज्ड गार्ड. ब्राझीलमध्ये ‘ग्वार्दा फेशादा’. घोटे सोडले तरी पाय मध्येच राहिले, की ‘ग्वार्दा आबेर्ता’, म्हणजे आपला ओपन. दाराची कडी काढली म्हणून दार सताड उघडं पडत नाही, तसं. तळवा त्याच्या कमरेवर, नडगी त्याच्या दंडाशी आडवी, पायाचा आकडा मांडीखाली, असं काहीतरी सतत काम करत असतं. पाय कुठेच टेकलेला नसेल तर तो गार्ड नव्हे, नुसता आडवा पडलेला माणूस.

‘बचाव’ही अर्धाच खरा. 2010 मध्ये एमएमएच्या लढतीत फाब्रिसियो वेर्दुमने फेडोर एमेलियानेन्कोला 69 सेकंदांत हार मानायला लावली, ती पाठीवर असतानाच. त्याला बचाव कसं म्हणणार? मी ‘सुटा गार्ड’ लिहीन.

प्रतिसाद

‘नुसता आडवा पडलेला माणूस’ याच्याशी असहमत. जिउ-जित्सूच्या मॅटवर ते ठीक, पण एमएमएत अंतर राखून पाठीवर असणं हाही ओपन गार्डच. 26 जून 1976 ला टोकियोत जपानी कुस्तीगीर अँतोनिओ इनोकीने बॉक्सर मुहम्मद अलीसमोर 15 फेऱ्यांतला बहुतेक वेळ जमिनीवर राहून अलीच्या पायांवर लाथा मारल्या. लढत बरोबरीत सुटली. आज कुणी तसं केलं तर समालोचक बेधडक ओपन गार्डच म्हणतील.

मुद्दा असा की एमएमएच्या पिंजऱ्यात आल्यावर या शब्दाचा अर्थच बदलतो. जिउ-जित्सूत ओपन गार्ड हे मोठं कुटुंब आहे : स्पायडर, लासो, डे ला रिवा, एक्स, बटरफ्लाय. यातले स्पायडर आणि लासो जिउ-जित्सूच्या पोशाखाच्या बाहीवर अवलंबून आहेत. बाही मुठीत धरायची आणि तळवा त्याच्या दंडावर रोवायचा, किंवा पाय हाताभोवती फिरवून अडकवायचा. एमएमएत अंगात बाहीच नसते, असतो तो घाम. डे ला रिवाचा आकडा बाहेरून मांडीला लागतो खरा, पण धरायला कापड नसलं की वरचा माणूस पाय झटकून घेतो. वर मोकळ्या हाताने ठोसेही येतात, जे जिउ-जित्सूत कुणी मारत नाही.

म्हणून उरतं ते थोडकं. बटरफ्लायमध्ये दोन्ही पावलं वरच्याच्या मांड्यांच्या आतून लागतात, छाती चिकटलेली, हात त्याच्या काखेतून गेलेले. इथून माणूस उचलून उलटवता येतो. सिंगल लेग एक्समध्ये त्याचा एक पाय दोन्ही पायांत कैद होतो, तिथून हिल हूक (टाच धरून पाय पिळणारी पकड) किंवा सरळ उठून उभं राहणं. तिसरं, तळवे कमरेवर ठेवून त्याला ढकलून देणं. तिन्हींत एक सूत्र दिसतं : एक तर अगदी चिकटून राहा, नाहीतर पायाच्या लांबीइतकं दूर. मधल्या अंतरात राहिलात की वरून येणाऱ्या ठोशाला पूर्ण झोक मिळतो. त्यात डोकं जाळीला टेकलं असेल तर कंबर सरकवायला जागाच नाही, आणि कंबर हलत नसेल तर पाय कितीही सुटे असोत, निरुपयोगी.

खालून वर मारलेली लाथ, अपकिक, हाही याच स्थितीचा भाग, आणि जिउ-जित्सूच्या स्पर्धेत ती चालत नाही. 2008 मध्ये ‘ड्रीम’ या जपानी एमएमए संस्थेच्या मिडलवेट स्पर्धेच्या अंतिम लढतीत गेगार्ड मुसासीने पाठीवरून मारलेल्या अशाच लाथेने जाकारेला गारद केलं. गंमत म्हणजे दोघांत जिउ-जित्सूचा विश्वविजेता जाकारे होता, आणि तो वर होता! पण समोरचा गुडघ्यांवर असेल तर नियम बदलतो. 2006 मध्ये होनोलुलूत अँडरसन सिल्व्हाची लाथ गुडघ्यांवर असलेल्या युशिन ओकामीच्या डोक्याला लागली आणि सिल्व्हा बाद ठरला. तेव्हा लिहिताना ‘गार्डमधून लाथ’ एवढं पुरत नाही. समोरचा उभा होता की टेकलेला, हे सांगावंच लागतं.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादात रायन हॉल राहिला. हा एमएमए लढवय्या स्वतःहून जमिनीवर लोळत जाऊन समोरच्याच्या पायात शिरायचा. 2018 च्या अखेरीस बी. जे. पेनला त्याने पहिल्याच फेरीत हिल हूकने संपवलं. 2021 मध्ये इलिया टोपुरियासमोर तेच करायला गेला. टोपुरिया पायाच्या पकडीतून निसटला आणि पहिल्याच फेरीत ठोशांनी सामना संपला. दोन्ही लढती पाहिल्या की ‘सुटा गार्ड’मधलं सुटेपण कुठवर चालतं ते दिसतं.

प्रतिसाद

शब्दयोजनेचे इतर खड्डे. मला हे ‘उघडा-सुटा’पेक्षा जास्त छळतात.

‘तो त्याच्या गार्डमध्ये आहे.’ कोण कोणाच्या? जिउ-जित्सूत गार्ड खालच्याच्या मालकीचा. वरचा ‘गार्डमध्ये’ असतो, खालच्याचा ‘गार्ड असतो’. मराठीत दोन्हीकडे ‘तो’ वापरला की वाचक हमखास उलटं समजतो, कारण कुस्तीमुळे आपल्याला पाठ टेकली की हरला असंच वाटतं. अशा वाक्यात नावं लिहा, सर्वनामं नकोत.

‘गार्ड पास केला’ हे परीक्षेसारखं वाटतं. ‘पाय ओलांडून बाजूला आला’ असं लिहिलं की चित्र दिसतं. ‘स्वीप’ला ‘पलटी’ चालतं, पण खालचा वर आला तरच. नुसता निसटून उभा राहिला तर ते ‘उठला’.

‘ओपन स्टान्स’ हे आणखी वेगळं. एकाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा पाय पुढे असेल तर ते ओपन स्टान्स. त्याचा गार्डशी काही संबंध नाही.

मूळ प्रश्नकर्ता

आभार. हातांचं कुणी सांगितलं नाही, पण हातांसाठी ‘हात वर’ किंवा ‘हात खाली आले’ लिहायचं आणि ‘गार्ड’ हा शब्द फक्त पायांसाठी राखायचा, असं मी ठरवलं. ‘सुटा गार्ड’ मात्र मथळ्यात अनोळखी वाटेल. पहिल्या उल्लेखात ‘ओपन गार्ड, म्हणजे घोटे न अडकवता पाय मध्ये ठेवून’ असं लिहून पुढे ‘ओपन गार्ड’च ठेवावं का?

प्रतिसाद

ठेवा. लेखातलं ते वाक्य मी असं करीन : ‘पाठीवर पडताच त्याने घोटे सोडले, तळवे समोरच्याच्या कमरेवर रोवले आणि त्याला दूर ढकलत उठायची जागा केली.’ यात गार्ड शब्दच येत नाही. गुणांबद्दल लिहाल तेव्हा मात्र शब्द हवाच. पंच खालच्याने केलेले घाव आणि पकडीचे गंभीर प्रयत्न मोजतात. नुसता गार्ड राखून धरला तर त्याचं श्रेय मिळत नाही. ‘गार्ड चांगला होता, तरी फेरी गेली’ असं वाक्य म्हणूनच वरचेवर लिहावं लागतं.

प्रतिसाद

हाफ गार्ड ओपनमध्ये धरायचा की वेगळा? माझ्या मते वेगळा, तिथे खालच्याने वरच्याचा एक पाय आपल्या पायांत अडकवलेला असतो.